२७ ड्रायव्हर जुने दाखवतंय, पैसे भरू का?

ताई, सरळ उत्तर आधी देतो. पैसे भरू नका, आणि ते सॉफ्टवेअर आज केंद्र बंद करायच्या आधी काढून टाका. का ते खाली सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

तुम्ही लिहिलंय त्यातलं मला समजलं ते असं. ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं केंद्र चालवता, दोन डेस्कटॉप, एक लॅपटॉप, कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, आणि एका डेस्कटॉपवर डीटीपीसाठी डोंगल (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) लावून चालणारं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. रविवारी टेबलं सरकवून साफसफाई केली, रात्री विंडोजचं अपडेट झालं, सोमवारी प्रिंट येईना. भाच्याने ड्रायव्हर (म्हणजे विंडोजला प्रिंटरसारख्या वस्तूशी बोलायला शिकवणारे छोटे प्रोग्राम) अपडेट करणारं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, त्याने लाल अक्षरात २७ ड्रायव्हर जुने दाखवले आणि दुरुस्तीसाठी वर्षाचे पैसे मागितले. आता विचारताय की पैसे भरू का, आणि सगळे ड्रायव्हर कायम लेटेस्टच ठेवायचे असतात का.

आधी तुमची प्रिंट चालू करू, कारण उद्या सकाळी गिऱ्हाईक दारात उभं राहणार. तुम्ही सगळा दोष अपडेटला दिलाय, पण तुमच्या लिहिण्यात मला खरा संशय आला तो टेबलं सरकवण्याचा. वायरी काढून परत लावल्यात ना? मग प्रिंटरची यूएसबी वायर आधी होती त्या खाचेत न जाता शेजारच्या खाचेत गेली असणार. पुष्कळ प्रिंटरच्या बाबतीत असं झालं की विंडोजला तो नवाच प्रिंटर वाटतो, मग तो यूएसबी-००१ ऐवजी यूएसबी-००२ असं पोर्ट देतो आणि यादीत त्याच प्रिंटरची ‘कॉपी १’ तयार होते. वर्ड मात्र जुन्याच नावाकडे प्रिंट पाठवत राहतं, तिथं पलीकडे कोणी नसतं, म्हणून ऑफलाइन दाखवतं. यात ड्रायव्हरचा काहीएक दोष नाही. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स नावाचा भाग आहे, तिथं बरोबर पोर्टवर टिक करा, किंवा त्याहून सोपं म्हणजे वायर जुन्या खाचेत लावा. आणि सेटिंग्जमध्ये प्रिंटरच्या यादीखाली ‘विंडोजला डिफॉल्ट प्रिंटर ठरवू द्या’ अशा अर्थाचं एक बटण असतं ते बंद करा, नाहीतर एखाद दिवशी कोणी पीडीएफ बनवली की तीच डिफॉल्ट होऊन बसते आणि ऑपरेटर म्हणतो प्रिंटर बिघडला. माझ्याकडे ‘प्रिंटरचा ड्रायव्हर गेलाय’ म्हणून येणाऱ्या फोनपैकी निम्मे तरी पोर्ट, वायर नाहीतर डिफॉल्टचे निघतात.

आता ते २७. मी हे हार्डवेअरचं काम १९ वर्षं करतोय आणि असले लाल आकडे इतक्या वेळा बघितलेत की हसू येतं. ही सॉफ्टवेअर्स काय करतात, तुमच्या मशीनमधल्या प्रत्येक ड्रायव्हरचा व्हर्जन नंबर आणि तारीख घेतात, स्वतःकडच्या यादीशी ताडतात, आणि त्यांच्या यादीत मोठा नंबर असेल की तुमचा जुना म्हणून लाल करतात. तो नवा ड्रायव्हर तुमच्या मॉडेलसाठी आहे का, त्याने काही सुधारणार आहे का, हे त्यांना माहीत नसतं आणि पडलेलंही नसतं. आकडा जितका मोठा तितके पैसे भरणारे जास्त, असा सगळा मामला आहे.

गंमत बघायची तर डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनला जोडलेल्या वस्तूंची विंडोजमधली यादी, उघडा, कीबोर्ड किंवा माउसवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरची तारीख बघा. बहुतेक २१ जून २००६ दिसेल. वीसेक वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर! घाबरू नका, मायक्रोसॉफ्ट विंडोजसोबत जे स्वतःचे ड्रायव्हर देतं त्यांच्यावर ही तारीख मुद्दाम टाकतं, आतला कोड नवा असला तरी. कारण असं की एकाच वस्तूला दोन ड्रायव्हर सारखेच लागू पडत असतील तर विंडोज तारीख बघून नवा निवडतं. आपली तारीख मागे ठेवली की वस्तू बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर आपोआप पुढे जातो. इंटेलने तर याच्यावर कडी केलीय, त्यांच्या चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्सच्या) बऱ्याच नोंदींवर तारीख असते १८ जुलै १९६८, म्हणजे इंटेल कंपनी स्थापन झाली तो दिवस. तेव्हा विंडोज सोडा, घरात कॉम्प्युटरच नव्हते. आणि या चिपसेटच्या नोंदींमध्ये चालणारा कोड बहुतेक नसतोच, विंडोजला ‘ही अमुक वस्तू आहे, हिचं नाव हे’ एवढं सांगणारी ती एक छोटी टेक्स्ट फाइल असते. तुमच्या २७ पैकी १०-१२ अशाच नावाच्या पाट्या असतील, मी पैज लावायला तयार आहे.

म्हणजे ड्रायव्हर कधीच अपडेट करू नये असं नाही. तुमचा खरा प्रश्न, माझ्या मते, ड्रायव्हर जुने आहेत का हा नाहीच. चालू असलेल्या मशीनला हात कधी लावायचा, हा आहे. आणि त्याचं उत्तर कुठली वस्तू आहे, मशीन कशासाठी वापरता, आणि बिघडलं तर किती तास बंद राहिलं चालेल, यावर ठरतं. गेम खेळणाऱ्या पोराला एक उत्तर, तुम्हाला दुसरं.

ड्रायव्हरला एवढं जपायचं कशासाठी, तर बाकीचे प्रोग्राम आणि ड्रायव्हर यात फरक आहे. क्रोम अडकलं तर क्रोम बंद पडतं, बाकी चालू राहतं. बरेच ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात बसून चालतात, ज्याला कर्नल म्हणतात, तिथं एकाने चूक केली की आख्खं मशीन निळ्या पडद्यावर येतं. १९ जुलै २०२४ ला काय झालं आठवतंय का? क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा असाच कर्नलमधला ड्रायव्हर, त्याला एक चुकीची फाइल अपडेटमधून गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभर ८५ लाख विंडोज मशीन्स बसली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले. आणि दुरुस्ती काय होती, तर बहुतेक मशीन्सजवळ माणूस जाऊन सेफ मोडमध्ये ती फाइल डिलीट करायची. एवढी मोठी कंपनी, एवढी तपासणी, तरी. तिथं कुठून आणला माहीत नसलेला ड्रायव्हर टाकायचा म्हणजे घराची किल्ली वाटसरूला देण्यासारखं.

मी स्वतः ही चूक केलीय, सांगायला लाज नाही. २०११ च्या सुमाराला एका शाळेची लॅब माझ्याकडे होती, १२ मशीन्स. तेव्हा ड्रायव्हर पॅकच्या डीव्हीडी मिळायच्या, एक क्लिक आणि सगळे ड्रायव्हर लेटेस्ट. शनिवारी दुपारी सगळ्या मशीन्सवर चालवली आणि वेळ वाचला म्हणून खूश होऊन घरी गेलो. सोमवारी सरांचा फोन, पाच मशीन्सना नेट नाही, दोनांचा आवाज गेलेला, आणि सगळ्यांच्या ब्राउझरवर कसले कसले टूलबार. नेटवर्क कार्डाचा जवळपासच्या मॉडेलचा ड्रायव्हर बसला होता, नाव तेच, चिप वेगळी. दोन दिवस गेले आणि पैसे अर्थातच मागता आले नाहीत. त्या दिवसापासून ‘सगळे एकदम’ हे मी कुणाच्याच मशीनवर केलं नाही.

आता वस्तूनुसार मी काय करतो ते सांगतो. ग्राफिक्स कार्ड, वाय-फाय आणि ब्लूटूथ यांचे ड्रायव्हर अपडेट करण्यात खरा फायदा असतो, त्यात सुरक्षेच्या चुका दुरुस्त होतात, वाय-फाय तुटण्याचे प्रकार थांबतात, त्यामुळे हे मी वर्षातून एक-दोनदा बघतो. त्यातही तुमच्या केंद्रात गेम चालत नाही, म्हणून ग्राफिक्सचा दर महिन्याला येणारा नवा ड्रायव्हर तुमच्या काही कामाचा नाही. आवाजाचा ड्रायव्हर आवाज येतोय तोवर विसरून जा. चिपसेटचा विंडोज नव्याने टाकताना एकदा. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, डोंगल, ही मंडळी चालतायत तोवर मी हातही लावत नाही, विंडोजचं मोठं व्हर्जन बदलणार असेल किंवा बनवणाऱ्यानेच ‘हे टाका’ म्हणून कळवलं तरच. आणि बायॉस ही तर ड्रायव्हर नाहीच, ती मशीन सुरू करून देणारी मदरबोर्डवरची चीज आहे, तरी काही अपडेटर तीही यादीत घुसडतात. बायॉस अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो, आपल्याकडची लोडशेडिंग माहितीय ना तुम्हाला, यूपीएस नसेल तर तिकडे बघायचंच नाही. शिवाय बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) असते, बायॉस बदललं की तो ४८ आकडी रिकव्हरी की मागून बसू शकतो आणि ती की कुठंय हे कुणालाच माहीत नसतं. ती की आजच तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बघून वहीत लिहून ठेवा, हे ड्रायव्हरशी संबंधित नसलं तरी सांगतो.

मग आणायचे कुठून? पहिला दरवाजा विंडोज अपडेटच. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स, तिथं ड्रायव्हर अपडेट्स वेगळे दिसतात. ते ऑप्शनल ठेवलेत याचा अर्थच असा की काही अडचण असेल तर घ्या, सगळ्यांवर टिक करत सुटू नका. दुसरा दरवाजा तुमच्या लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीची साइट, नेमका मॉडेल नंबर टाकून. लॅपटॉपवाल्या कंपन्या आवाज, टचपॅड, वरच्या फंक्शन की असल्या गोष्टींसाठी आपला बदललेला ड्रायव्हर देतात, तिथं चिप बनवणाऱ्याचा साधा ड्रायव्हर टाकला की कधी आवाज चिरका येतो तर कधी ब्राइटनेसची की चालत नाही. तिसरा दरवाजा चिप बनवणारी कंपनी, तो मुख्यतः ग्राफिक्स आणि वाय-फायसाठी. चौथा दरवाजा नाही. गुगलवर ड्रायव्हर शोधला की वर जाहिरातीच्या ज्या साइट्स येतात त्यातल्या अर्ध्या हाच अपडेटर गळ्यात मारतात, भाच्यालाही तो तसाच मिळाला असणार, त्याला ओरडू नका.

कधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि नुसतं ‘अननोन डिव्हाइस’ येतं. तेव्हाही अपडेटर नको. प्रॉपर्टीज, डिटेल्स, त्यात हार्डवेअर आयडी निवडा, ‘व्हेन’ या तीन इंग्रजी अक्षरांनंतर चार अक्षरी-आकडी खूण दिसेल. ८०८६ असेल तर इंटेल, त्यांनी १९७८ च्या आपल्या प्रोसेसरचाच नंबर ओळख म्हणून घेतलाय. १००२ असेल तर एएमडीचं ग्राफिक्स. कंपनी कळली की कुठल्या दारात जायचं ते कळलं.

आणि हात लावायच्या आधी परतीची वाट. सिस्टिम रिस्टोअर बऱ्याच मशीन्सवर बंदच असतं, ते चालू करून एक रिस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे बिघडलं तर मशीन आधीच्या स्थितीत नेता येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बटण असतं पण आधीचा ड्रायव्हर जपलेला असेल तरच ते दाबता येतं, नाहीतर फिकट दिसतं. म्हणून माझी सवय अशी की चांगल्या चालणाऱ्या मशीनचे ड्रायव्हर काढूनच ठेवतो. फोनवर सांगतो तसं सांगतो: कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, पी एन पी यू टी आय एल हे जोडून लिहा, स्पेस, स्लॅश, एक्स्पोर्ट डॅश ड्रायव्हर, स्पेस, स्टार, स्पेस, आणि मग आधीच बनवून ठेवलेल्या फोल्डरचा पत्ता. विंडोजसोबत न आलेले, बाहेरचे सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये येतात. पेनड्राइव्हवर टाका, वर मशीनचं नाव आणि तारीख लिहा. उद्या विंडोज नव्याने टाकलं आणि वाय-फायच चालेना, नेटशिवाय नेटचा ड्रायव्हर कसा आणायचा अशी पंचाईत झाली, तर हाच पेनड्राइव्ह कामाला येतो. तोही नसेल तर अँड्रॉइड मोबाइल वायरने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा, त्याला बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

तुमच्या प्रिंटरबद्दल अजून एक. एलबीपी २९०० सारख्या प्रिंटरमध्ये पान कसं उमटायचं याचं गणित प्रिंटर करत नाही, कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर करतो, म्हणून तो स्वस्त आणि म्हणूनच तो आपल्या ड्रायव्हरशिवाय ठोकळा. दुसऱ्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर त्याला चालत नाही, एचपीचा जुना १०२० ही याच जातीचा. त्याची ६४ बिटवाली सेटअप फाइल कंपनीच्या साइटवरून उतरवून दोन ठिकाणी जपून ठेवा, जुन्या मॉडेलच्या फाइल्स साइटवर कायम राहतील असं धरून चालू नये. आणि ऑपरेटरच्या लॉगिनला प्रिंटर टाकताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो म्हणून तुम्ही वैतागलाय, तर ते बिघाड नाही. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंटिंग सेवेत मोठं भोक सापडलं होतं, प्रिंट नाइटमेअर म्हणायचे त्याला, त्यानंतर ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टने प्रिंटर ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनची परवानगी सक्तीची केली. असू द्या ते तसंच.

अंगठ्याच्या मशीनचं वेगळं आहे. तिथं दोन गोष्टी लागतात, एक ड्रायव्हर आणि दुसरी आरडी सर्व्हिस. ड्रायव्हरने विंडोजला मशीन दिसतं, आरडी सर्व्हिस ते पोर्टलला दाखवते, तुमच्याच कॉम्प्युटरवर १११०० ते १११२० या नेटवर्क पोर्टांपैकी (यूएसबीच्या खाचा नव्हे) एकावर ती बसलेली असते आणि वेबपेज तिच्याशी बोलतं. त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये मशीन नीट दिसतंय पण पोर्टल ‘डिव्हाइस नॉट रेडी’ म्हणतंय, तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून काही होणार नाही, सर्व्हिसेसमध्ये जाऊन आरडी सर्व्हिस चालू आहे का बघा, बंद असेल तर चालू करा.

थोडक्यात तुमच्या केंद्रापुरतं: अपडेटर काढा, प्रिंटरचं पोर्ट बघा, ड्रायव्हर एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्ह बनवा, विंडोजचे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट मात्र बंद करू नका.

राहता राहिला डीटीपीचा डेस्कटॉप. तो विंडोज १० वर आहे आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ११ टाकू का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. टाकावं लागेल, पण घाईने नको. विंडोज ११ ला ३२ बिटची आवृत्तीच नाही, त्यामुळे ज्या वस्तूचा फक्त ३२ बिटचा ड्रायव्हर आहे ती तिथंच संपली, नवीन स्वस्तात मिळतंय म्हणून एआरएम प्रोसेसरचा (नेहमीच्या इंटेल-एएमडीहून वेगळ्या जातीचा) लॅपटॉप घेतलात तर तिथं तुमच्या प्रिंटर-डोंगलचे नेहमीचे ६४ बिट ड्रायव्हरही चालणार नाहीत. शिवाय विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा असते, ती बऱ्याच जुन्या डोंगलचे ड्रायव्हर अडवते. त्यावर लोक ती सुरक्षाच बंद करतात, मी करत नाही, कारण हॅकर लोक जुने कच्चे ड्रायव्हर मुद्दाम आणून त्यातूनच आत शिरतात. तेव्हा फॉन्टवाल्यांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: या डोंगलचा विंडोज ११ साठीचा ६४ बिट ड्रायव्हर आहे का, आणि मेमरी इंटिग्रिटी चालू ठेवून तो चालतो का. दुसऱ्याला ‘बंद करून बघा’ असं उत्तर आलं तर डोंगल बदलून द्यायला किती घेतात तेही त्याच फोनवर विचारून घ्या.